नायलॉनचं बोट

११ जानेवारी

पक्कड,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसती हो-हो करत होते. खरं सांगते, एक शब्द कळला नाही. डावा कान गेल्यात जमा आहे, आणि उजव्याला फोनवरचा माणूस म्हणजे पत्र्यावर ओतलेली वाळू. तुझे भाऊजी म्हणतात, त्याला मेसेज करायला सांग. पण मेसेजमध्ये तू दोन शब्दांत निसटतोस. पत्रात तसं निसटता येत नाही, निदान एक पान तरी भरावं लागतं. म्हणून आई होती तेव्हा लिहायचास तशी पत्रं लिही.

इकडे सगळं ठीक. कामही तेच. ट्यूब घ्यायची, माहितीचा कागद घ्यायचा, दोन्ही खोक्यात, झाकण बंद, पुढची ट्यूब. सगळ्या जगाची खाज घालवणारं मलम आम्ही भरतो आणि दिवसभर बसून आमच्याच पाठीला खाज येते. शेजारी अजून चष्मेवालीच असते. आमच्या तुकडीतली सगळ्यांत जुनी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण हातांकडे बघत कधीच नाही. मी नवीन लागले तेव्हा माझे चुरगळलेले खोके बघून तिने कपाळाला हात लावला होता, आणि मग पहिल्यापासून सगळं शिकवलं. आता मला ऐकू येत नाही म्हणून ती कोपराने ढोसते. एकदा ढोसलं तर सावकाश, दोनदा ढोसलं तर साहेब मागे उभा आहे.

तिथे तुझ्या नावाने मी किती फुशारकी मारते, तुला कल्पना नाही. माझा भाऊ मशीनं जोडतो, आपोआप चालणारी, असं सांगत असते. चष्मेवाली म्हणाली, मग त्याला म्हणावं, घरी जाऊन भांडी घासणारं एखादं जोड. तर सध्या काय जोडतोयस ते नीट कळव. मला तिला सांगायचंय.

तुझी ताई


२८ जानेवारी

ताई,

हात दोनदा धुऊन बसलोय. तरी कागदाला ग्रीस लागलं तर समज, घाईने नाही, सवयीने लागलंय.

सध्या माझ्याकडे खोके भरायचं मशीन आहे. शेडमध्ये आलं तेव्हा एक लोखंडी सांगाडा आणि पेट्या भरभरून सुटे भाग, एवढंच होतं. सुरुवातीचे दिवस पाणसळ लावून सांगाडा समतल करण्यात गेले. पायाखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवायचे, बघायचं, एक काढायचा, परत बघायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं हा माणूस फुकटचा पगार घेतो. पण तिथे केसाएवढा फरक राहिला तर वर सगळं लंगडतं. मग शाफ्ट, बेअरिंग, साखळी, हवेच्या नळ्या. वायरी जोडणारा वेगळा असतो. वीज द्यायच्या आधी मी हाताने चाक फिरवून अख्खा फेरा बघून घेतो. रबरी वाट्या घडीचा खोका ओढून उघडतात, साखळी त्याला पुढे नेते, दांडा वस्तू आत ढकलतो, शेवटी एक पट्टी झाकण खोचते. हा पहिला फेरा न अडता पुरा झाला की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. बायको म्हणते, पोरगी झाली तेव्हा नव्हता आला एवढा.

कुणाचं मशीन म्हणशील तर कुठल्याशा गोळ्या-चॉकलेटवाल्याचं. नाव-गाव साहेबांना माहीत.

एक विचारायचं होतं, सहजच. आमचं घोडं शेवटच्या पायरीवर अडलंय. झाकण आत जाताना त्याचे कोपरे खोक्याच्या कडेला अडकतात आणि ते चुरगळतं. सावकाश चालवलं तर जातं, वेग दिला की खोके फुकट. पट्टी बदलली, कोन बदलला, काही उपयोग नाही. तू तर दिवसभर हेच करतेस. तुझं कसं अडकत नाही? सविस्तर लिही. कुठलं बोट, कुठे, किती दाब. फोरमन माझ्या मानगुटीवर बसलाय.

भाऊजींना नमस्कार.

तुझा पक्कड


७ फेब्रुवारी

पक्कड,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. अरे, काय हसलो आम्ही! एवढं मोठं मशीन आणि ते आमच्या झाकणाशी अडलंय. चष्मेवालीची तर कॉलरच ताठ झाली. कारण युक्ती मुळात तिची. मला तिनेच शिकवली. म्हणून हे पुढचं सगळं तिने सांगितलं आणि मी लिहिलं असं समज.

झाकण सरळ खोचायचंच नाही. सरळ पुठ्ठा रुंद असतो, तो अडकणारच. आधी अंगठ्याने त्याच्या मधोमध हलकेच दाबायचं. झाकणाला किंचित पोट आलं पाहिजे. पोट आलं की दोन्ही कोपरे आपोआप जवळ येतात, कडेपासून सुटतात, आणि झाकण लोण्यात सुरी जावी तसं आत जातं. आत गेलं की पुठ्ठा आपला आपण सरळ होतो आणि घट्ट बसतो. दाब म्हणशील तर पिकलेलं फळ बघताना देतो तेवढा. घडी पडली की गेलं. आणि अंगठा शेवटपर्यंत ठेवायचा नाही, अर्ध्यात उचलायचा, नाहीतर तोच आत अडकतो. हे शेवटचं ती तीनदा म्हणाली. नीट लिही म्हणाली, तुझ्या भावाची नोकरी माझ्या अंगठ्यावर आहे.

आता जरा दुसरं. मागच्या आठवड्यात दोन माणसं येऊन आमच्या शेडची मापं घेऊन गेली. लांबी, रुंदी, हवेची लाइन कुठून येते. तेव्हापासून बायकांच्या तोंडाला कुलूप लागलंय. कुणीतरी म्हणालं मशीन येणार, आपल्याला घरी पाठवणार. मी त्यांना ठासून सांगितलं, माझा भाऊ याच धंद्यात आहे. तसलं काही असतं तर त्याने मला आधी कळवलं असतं. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

झाकण जमलं का ते कळव. चष्मेवाली रोज विचारते.

ताई


२ मार्च

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. कामाने डोकं वर काढू दिलं नाही.

झाकण जमलं. तुमच्या बाईंना सांग, आभारी आहे. मी नायलॉनच्या तुकड्यातून एक छोटं बोट घासून काढलं, टोकाला गोल, आणि पट्टीच्या आधी बसवलं. ते झाकणाला मधोमध दाबतं आणि अर्ध्यात उचललं जातं. आता पूर्ण वेगातही अडत नाही. फोरमनने पाठीवर थाप मारली.

मापांचं म्हणशील तर मापं हजार कारणांनी घेतात. रंग द्यायचा असेल, पंखे बसवायचे असतील. बायकांच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

पत्र छोटं झालं. पुढचं मोठं लिहीन.

पक्कड


१९ एप्रिल

पक्कड,

तुझं मोठं पत्र काही आलं नाही.

इकडे पंखे नाही बसले. शेडच्या अर्ध्या भागात प्लास्टिकचा पडदा लावला आणि मोठमोठ्या पेट्या आल्या. मग बाहेरगावहून जोडणारी माणसं आली, पडद्याआड काम करून गेली. खोके भरायचंच मशीन आहे. चाचणी झाली, आम्हाला दाखवलीही. छान चालतं.

तू बरा आहेस ना? त्या आठवड्यात तुझी फार आठवण येत होती. तू कुठे होतास तेव्हा?

ताई


२५ एप्रिल

ताई,

वाचून फार वाईट वाटलं. असं होईल असं वाटलं नव्हतं. कुठल्या कंपनीचं मशीन आहे, काही कळलं का?

त्या आठवड्यात मी घरीच होतो. तापाने फणफणलो होतो, अंथरूण सोडलं नाही. म्हणून पत्रही राहिलं.

काळजी घे. साहेब लोक जुन्या माणसांना असे उघड्यावर टाकत नाहीत.

पक्कड


३ मे

पक्कड,

तुला ताप नव्हता.

मी तुला पाहिलं. माहितीच्या कागदांचा गठ्ठा आणायला स्टोअरमध्ये निघाले होते, वाऱ्याने पडद्याचं टोक उडालं, आणि आत तू गुडघ्यावर बसला होतास. पाठमोरा होतास तरी ओळखलं. तुझी मान मी लहानपणी कमी वेळा घासलेली नाही.

लिहायची लाज वाटते, पण आधी मला आनंदच झाला. भाऊ आलाय! हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात तू आमच्या मेंटेनन्सवाल्याला अंगठा वर करून काहीतरी दाखवायला लागलास. इथे, मधोमध, किंचित, मग उचलायचा. मला ऐकू येत नाही, पण हातांचं सगळं कळतं. तू त्याला माझं पत्र वाचून दाखवत होतास. माझं तोंड तसंच उघडं राहिलं. मग मी चोरासारखी मागे सरले. चोर तू, आणि मागे सरले मी.

घरी तुझ्या भाऊजींना काही बोलले नाही. रोज संध्याकाळी वाटायचं, आज तरी दार वाजवेल. आपलं माणूस गावात आहे म्हणून दोन घास जास्तीचे करत होते आणि सकाळी तेच डब्यात नेत होते. चष्मेवालीने विचारलं, हल्ली डबा एवढा भरलेला कसा? मी म्हटलं, भूक वाढली आहे.

चाचणीच्या दिवशी आम्हाला ओळीने उभं केलं. तू मशीनच्या झडपेखाली डोकं घातलंस ते शेवटपर्यंत बाहेर काढलं नाहीस. एवढं काय आवळत होतास तिथे? चष्मेवाली पुढे झाली, चष्मा वर सरकवला आणि वाकून त्या पांढऱ्या बोटाकडे बघत राहिली. एक खोका गेला, दुसरा गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हा माझा अंगठा आहे." माझ्याशी तिला मोठ्यानेच बोलावं लागतं, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर ती मला एक शब्द बोललेली नाही. ढोसतही नाही. परवा साहेब मागे उभा होता आणि मला कळलंच नाही.

तुझ्या बाजूने मी शब्द दिला होता रे सगळ्यांना. तू केसाने गळा कापलास. एकच सांग. मला झाकणाचं विचारलंस तेव्हा मशीन कुठे जाणार हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक नव्हतं म्हणालास तर मी विश्वास ठेवीन. म्हणून विचार करून लिही.

ताई


११ मे

ताई,

ठाऊक होतं.

तू विश्वास ठेवशील म्हणालीस म्हणून खोटं लिहायला बसलो होतो. अर्धं पान लिहिलंही. मग फाडलं.

मशीन जोडायला घेतलं तेव्हाच चाचणीसाठी रिकामे खोके आले होते. निळी पट्टी, त्यावर मलमाचं नाव. तुझ्या घरी सुई-दोरा ज्यात ठेवतेस तोच खोका. हातात घेतला आणि पाचावर धारण बसली. त्याच दिवशी तुला कळवायला हवं होतं. पण वाटलं, ताईला आत्ताच कशाला घाबरवा, मशीन कधी जाईल कुणास ठाऊक. मग झाकण अडलं. रोज फोरमनची बोलणी खात होतो. घरी आलो तर तुझं पत्र, त्यात तुमच्या खोक्यांचं वर्णन. आणि मी चॉकलेटवाल्याची थाप मारून तुला विचारून बसलो.

मी मनाची समजूत घालत होतो की मी नाही जोडलं तर दुसरा जोडेल. ते खरंही आहे. आमच्या शेडमध्ये माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पण दुसऱ्याने तुला पत्र लिहून विचारलं नसतं.

तुझ्या गावी जायची वेळ आली तेव्हा फोरमनला म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. तो म्हणाला, ते बोट तू बसवलंस, तूच जा. बहीण तिथे कामाला आहे हे सांगायची हिंमत झाली नाही. उतरलो होतो तुझ्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. रोज लांबच्या रस्त्याने जायचो. एकदा समोरून भाऊजी येताना दिसले. मी जे दुकान दिसलं त्यात शिरलो, ते चपलांचं निघालं. दुकानदाराने नंबर विचारला, मी काहीतरी सांगितलं, आणि एक जोड घेऊन बाहेर पडलो. तो मला होत नाही. घरी कपाटावर पडलाय, बायको विचारते कुणाचा.

झडपेखाली मी काही आवळत नव्हतो. आवळलेला नट सैल करून पुन्हा आवळत होतो. तुमच्या बाईंचं वाक्य मला ऐकू आलं. तेव्हा डोकं बाहेर काढायला पाहिजे होतं. नाही काढलं.

मी काय करू ते तूच सांग.

पक्कड


६ जून

पक्कड,

काय करू म्हणून मला विचारतोस, आणि जे करायचं ते तू आधीच करून बसला होतास.

तुकडी मोडली. मशीनवर दोघींनाच ठेवणार होते. सगळ्या म्हणत होत्या, एक जागा चष्मेवालीची, ते काय विचारायचं. मॅनेजरने सगळ्यांना बोलावून नावं सांगितली. एक तरणी मुलगी, तिला लवकर शिकता येईल म्हणून. आणि दुसरी मी. मी बघतच राहिले. तो हसून सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या भावाने जाताना शब्द टाकला होता. बहिणीला कमी ऐकू येतं, तिला सांभाळून घ्या म्हणाला. एवढं चांगलं मशीन जोडून दिलं त्याने, एवढं तर आम्ही करूच."

मला ते बरोबर ऐकू आलं नाही, म्हणून तो पुन्हा म्हणाला. आणखी मोठ्याने.

तुला वाटलं असेल, पापाचं थोडं परिमार्जन झालं. तू चष्मेवालीची युक्ती नेलीस आणि मग तिची जागाही नेलीस, आणि दोन्ही वेळा माझ्या हातून. तू मला वाचवलं नाहीस, सगळ्यांसमोर उघडं पाडलंस.

पण तुझ्यावर तरी कुठल्या तोंडाने रागावू? मी उठले होते. "माझ्याऐवजी तिला ठेवा," एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "थँक्यू साहेब." तुझ्या भाऊजींची कंबर धरलेली, घर माझ्या पगारावर, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं असं म्हणता येईल. पण खरं म्हणजे डोक्यात काहीच नव्हतं. मी घाबरले होते आणि वाचले होते.

नंतर चष्मेवालीच्या घरी गेले. तिने आत घेतलं, बसवलं. मी रडायला लागले तर म्हणाली, "नोकरी कर, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण माझ्यापुढे बसून वाईट वाटून घेऊ नकोस. तुला समजवायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं."

मी आता तुझ्या मशीनवर उभी असते. घडीच्या खोक्यांची चळत भरायची आणि लाल दिवा लागला तर बटण दाबायचं. मशीन चांगलं जोडलंयस. अडत नाही. ते बघताना मला अभिमान वाटतो की किळस येते, माझं मलाच कळत नाही.

काही दिवस मला लिहू नकोस.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

तू लिहू नकोस म्हणालीस तेव्हापासून लिहिलं नाही. आजही फक्त एवढ्यासाठी लिहितोय की हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. मी सुट्टी काढून तुमच्या बाईंकडे जाऊन आलो. पत्ता कारखान्याच्या वॉचमनने दिला.

दार त्यांनीच उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "ओळखलं. कान ताईसारखेच आहेत. फक्त तुमचे चालतात." आत खुर्ची दिली, पाणी दिलं. एकच खोली, पण अशी नीट की कुठे बसावं ते कळेना. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. प्रत्यक्षात तुटक-तुटक आलं. युक्ती तुमची, मी न सांगता घेतली, कुठे वापरणार ते माहीत असताना घेतली. आणि बहिणीसाठी शब्द टाकला तेव्हा तो कुणाच्या जागेवर पडेल याचा विचार केला नाही.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कोपरे अजून अडकतात?"

म्हटलं, नाही.

"अर्ध्यात उचलतं ना?"

हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. आणि ताई, क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. काम नीट झालं की आपल्या चेहऱ्यावर येतं तसं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. ते समाधान मला बघवेना.

आता उठायला हवं होतं, पण उठवेना. कोपऱ्यात त्यांचं शिवणयंत्र होतं, अर्धवट शिवलेलं कापड तसंच सुईखाली. मला बसल्या जागेवरूनच दिसलं, पट्टा चाकावरून सरकलाय. आपला हात तुला माहीत आहे. मी खुर्चीवरून उठलो आणि वाकलोच.

"त्याला हात लावू नका," त्या म्हणाल्या.

म्हटलं, नुसता पट्टा सरकलाय, एका मिनिटाचं काम आहे.

"मला माहीत आहे काय झालंय ते. तुम्ही ते दुरुस्त कराल आणि हलके होऊन घरी जाल. राहू दे."

आवाज चढवला नव्हता. मी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा तेच कळेना. नमस्कार करून बाहेर पडलो. दारापर्यंत आल्या, पायरी सैल आहे, जपून, म्हणाल्या.

तुझ्याकडे यायचं ठरवून आलो होतो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. माझ्याच बाजूला तोंड होतं, पण चिमटा दातात आणि लक्ष चादरीत. बराच वेळ उभा राहिलो. मग स्टँडवर गेलो.

पक्कड


२४ ऑगस्ट

पक्कड,

रविवारी चष्मेवाली माझ्याकडे आली. तुकडी मोडल्यापासून पहिल्यांदा. मी दारातच गडबडले. ती आत आली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "तुझा भाऊ येऊन गेला माझ्याकडे."

सगळं तिने सांगितलं. दात काढायला आल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला होता म्हणाली. बोलला मात्र सरळ. शिवणयंत्राचा पट्टा तू गेल्यावर तिने स्वतःच बसवला. तुला माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. तू गेलास हे चांगलं केलंस, एवढं माझ्याकडून.

तेवढ्यात तिने विचारलं, "तुझ्याकडे जेवला ना?"

मी म्हटलं, हो.

पक्कड, ते कसं निघालं मला माहीत नाही. माझा भाऊ माझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन तसाच परत गेला, हे तिला सांगायची मला लाज वाटली. एकदा हो म्हटल्यावर पुढचं आलंच. काय केलं होतंस, तिने विचारलं. मी सांगितलं. राहिला का? म्हटलं, राहिला, आणि घोरला. तुझे भाऊजी आतून सगळं ऐकत होते. त्यांनी तोंडावर पेपर धरला.

चष्मेवालीने चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाली, "बरं झालं. मी पाण्यावर बोळवण केली त्याची. दारातून गेला तेव्हापासून मनाला लागलं होतं. म्हटलं, कुठे जेवला असेल."



तर येत्या रविवारी ये. जेव आणि राहा. ती पुन्हा कधी विचारेल सांगता येत नाही, आणि तिच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोलणं मला जमायचं नाही.

तुझी ताई